सॅन फ्रान्सिस्को सटाण्याच्या बाजूला!

विद्यार्थीमित्रांनो, आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करू या. तुम्ही नाशिक जिल्ह्यातील देवळा या गावी कांद्याच्या वावराच्या बांधावर उभे आहात असे समजा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या शहराकडे तुम्हाला बोट दाखवायचे आहे. बोट कोणीकडे दाखवाल?

वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणून तुमच्यापैकी बरेच जण पश्चिमेकडे, म्हणजे कळवणच्या बाजूला, बोट दाखवतील. नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते ना! जरा जास्त विचार करणारे म्हणतील, “पृथ्वी गोल आहे. सॅन फ्रान्सिस्को पॅसिफिक महासागराच्या काठावर आहे. तेव्हा ते पूर्वेकडूनच जवळ.” आणि ते मालेगावच्या बाजूला बोट दाखवतील.

दोन्ही उत्तरे चूक! खरे उत्तर आहे सटाण्याची बाजू. देवळ्याहून सटाणा जवळजवळ उत्तरेला आहे. उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे १५ अंश वळून उभे राहिलात, की तुमचे तोंड थेट सॅन फ्रान्सिस्कोकडे झाले. त्या दिशेने नाकासमोर चालत राहिलात, तर सुमारे १३,३०० किलोमीटरवर तुम्हाला ते शहर लागेल. आणि लंडन? ते वायव्येला, म्हणजे कळवण आणि सटाणा यांच्या मधल्या दिशेला.

विश्वास बसत नाही ना? मग हे कोडे आपण मिळून सोडवू. ते सोडवता सोडवता दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर कसे काढतात, आणि तेवढे अंतर कापायला विमानाला किती वेळ लागतो, हेही कळेल. अंतर आणि वेळ यांचे नाते दिसते तितके सरळ नाही, हे यातले खरे गमतीचे.

डाळिंबावरचा प्रयोग

देवळ्याच्या परिसरात डाळिंबांना तोटा नाही. एक चांगले गोलसर डाळिंब घ्या. त्याचा मुकुट खाली आणि देठाची बाजू वर येईल असे ते एका वाटीत ठेवा. देठाची जागा हा आपला उत्तर ध्रुव. डाळिंबाच्या पोटाभोवती, बरोबर मध्यावर, पेनाने एक रेघ काढा. हे झाले विषुववृत्त. आता विषुववृत्त आणि देठ यांच्या मध्यावर एक ठिपका द्या. तेवढ्याच उंचीवर, पण डाळिंबाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, दुसरा ठिपका द्या.

एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन वाटांनी दोरा न्या. पहिली वाट आडवी, म्हणजे दोन्ही ठिपक्यांची उंची कायम ठेवून डाळिंबाला अर्धा वळसा घालणारी. दुसरी वाट उभी, म्हणजे थेट देठावरून पलीकडे उतरणारी. दोन्ही दोरे पट्टीवर मोजा. आडवा दोरा १० सेंटिमीटर भरला, तर उभा दोरा ७ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. डाळिंब अगदी गोल नसेल तर थोडा फरक पडेल, पण उभी वाट जवळची हे मात्र नक्की.

आपण शिकतो की दोन बिंदूंमधील सर्वात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. गोळ्याच्या पृष्ठभागावर सरळ रेषा काढता येत नाही. तिथे सर्वात जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. गोळ्याचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. ध्रुवांतून जाणारे प्रत्येक रेखावृत्त त्याच्या समोरच्या रेखावृत्ताशी जोडले की बृहद्वृत्त होते. पण विषुववृत्ताखेरीज बाकीची अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नव्हेत, कारण ती ध्रुवाकडे लहान लहान होत जातात.

मग नकाशा आपल्याला का फसवतो? १५६९ साली गेऱार्ड मर्केटर याने दर्यावर्दींसाठी एक नकाशा तयार केला. त्यावर दोन बंदरे पट्टीने जोडली, की होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकता येई. ही मोठी सोय होती. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना ध्रुवांकडचा भाग ताणला गेला, आणि अंतरांचा मेळ सुटला. अशा नकाशावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को पट्टीने जोडले, तर रेघ म्यानमार, दक्षिण चीन आणि जपानच्या दक्षिणेकडचा समुद्र ओलांडून जाते. या रेघेची पृथ्वीवरील खरी लांबी भरते सुमारे १६,१५० किलोमीटर. बृहद्वृत्ताच्या वाटेची लांबी भरते सुमारे १३,५१० किलोमीटर. २,६०० किलोमीटरहून अधिक बचत! ही जवळची वाट राजस्थान, हिमाचल प्रदेश, चीनचा सिंकियांग प्रांत, सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्का यांवरून जाते. म्हणून तर देवळ्याहून सॅन फ्रान्सिस्को सटाण्याच्या बाजूला!

दोऱ्याने अंतर मोजा

तुमच्या शाळेत पृथ्वीचा गोल असेलच. त्यावर अंतर मोजण्यासाठी फक्त दोरा आणि पट्टी हवी. आधी दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून त्याची लांबी मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती सुमारे ९४ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे ९४ सेंटिमीटर दोरा बरोबर ४०,००० किलोमीटर. आता मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांवर दोऱ्याची टोके धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वात जवळची वाट धरतो, म्हणजेच बृहद्वृत्तावर येतो. त्याची लांबी ३२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. ३२ ला ९४ ने भागून ४०,००० ने गुणले की उत्तर येते सुमारे १३,६०० किलोमीटर. दोऱ्याच्या मानाने हे उत्तर काही वाईट नाही.

याच रीतीने एक गोष्ट ध्यानात येईल. परिघाच्या निम्मे म्हणजे २०,००० किलोमीटर. पृथ्वीच्या पाठीवरील कोणतीही दोन ठिकाणे यापेक्षा फारशी दूर असूच शकत नाहीत.

गणिताने अंतर काढा

वरच्या वर्गातील ज्या मित्रांना साइन आणि कोसाइन यांची ओळख झाली आहे, त्यांना दोऱ्याचीही गरज नाही. दोन्ही गावांचे अक्षांश आणि रेखांश माहीत असले की झाले. रीत अशी:

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधील फरकाच्या कोसाइनने गुणा. या दोन संख्यांची बेरीज करा. ही बेरीज ज्या कोनाची कोसाइन असेल तो कोन कोष्टकात शोधा. हा कोन म्हणजे त्या दोन गावांनी पृथ्वीच्या केंद्रापाशी केलेला कोन होय.

मुंबई ते लंडन हे उदाहरण घेऊ. मुंबई १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तर, आणि रेखांश जवळजवळ शून्य.

साइन १९ गुणिले साइन ५१.५ = ०.३२५६ × ०.७८२६ = ०.२५४८.

कोसाइन १९ गुणिले कोसाइन ५१.५ गुणिले कोसाइन ७३ = ०.९४५५ × ०.६२२५ × ०.२९२४ = ०.१७२१.

बेरीज ०.४२६९. कोष्टकात पाहिले तर हा कोन सुमारे ६४.७३ अंश आहे.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर परिघाचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. ६४.७३ ला १११.२ ने गुणा. उत्तर ७,१९८ किलोमीटर! दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश अधिक काटेकोर घेतले तर सुमारे ७,२१० किलोमीटर येतात. आपण अंश ढोबळ घेऊनही चूक झाली ती देवळ्याहून सटाण्याला जाण्याच्या अंतराहूनही कमी.

अंतर तेच, वेळ मात्र बदलला

आता वेळेकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ नावाच्या एका इंजिनाच्या लहानशा विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ते कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधनासाठी उतरले, आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या धावपट्टीवर पोहोचले. अंतर सुमारे १,०३० किलोमीटर, वेळ सव्वासात तास. मुक्काम धरून सरासरी वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. टाटांच्या विमानसेवेचा हा श्रीगणेशा.

१६ वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते लॉकहीड कंपनीचे चार पंखे असलेले ‘कॉन्स्टेलेशन’ विमान होते. एका दमात लंडन गाठणे त्याला शक्य नव्हते. म्हणून ते आधी कैरोला आणि मग जिनिव्हाला उतरले, आणि १० जूनला लंडनला पोहोचले. मुंबई-कैरो, कैरो-जिनिव्हा आणि जिनिव्हा-लंडन या तीन टप्प्यांची बेरीज येते सुमारे ७,९०० किलोमीटर. सरळ वाटेपेक्षा सातशेच किलोमीटर जास्त. पण उतरणे, इंधन भरणे, पुन्हा उडणे यांत वेळ जाई.

१९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. आजची मोठी जेट विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. एवढ्या उंचीवर का? तिथे हवा विरळ असते. विरळ हवेचा अडथळा कमी, म्हणून तेवढ्याच इंधनात विमान जास्त दूर जाते.

मग मुंबई ते लंडन ७,२०० भागिले ९००, म्हणजे आठ तास. गणित सुटले! पण खऱ्या वेळापत्रकात पाहाल तर जाताना नऊ-दहा तास लागतात आणि येताना त्याहून कमी. वाट तीच, विमान तेच, मग फरक का?

आकाशातली नदी

गिरणेच्या पाण्यात पोहणाऱ्याला विचारा. प्रवाहाबरोबर पोहताना थोड्या श्रमात मोठा पल्ला जातो. प्रवाहाच्या उलट पोहताना हात तितकेच मारावे लागतात, पण काठावरचे झाड हलता हलत नाही. आकाशातही अशा नद्या आहेत. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यांचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह किंवा झोतवारे म्हणतात. त्यांचा वेग पुष्कळदा ताशी १०० ते २०० किलोमीटर असतो, आणि कधी कधी ३०० च्याही पुढे जातो. हिवाळ्यात असा एक प्रवाह उत्तर भारतावरूनच वाहत असतो. विमान त्या हवेत पोहत असते. विमानाचा वेग हवेच्या मानाने मोजला जातो, पण आपल्याला पोहोचायचे असते ते जमिनीवरच्या गावाला.

आता एक गणित. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान ७,२०० किलोमीटर जाते आणि परत येते. वारा नसेल तर आठ आणि आठ, एकूण सोळा तास. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा सुरू झाला. जाताना तो समोरून येतो, येताना मागून. तुम्ही म्हणाल, जेवढे नुकसान तेवढाच फायदा, बेरीज तीच. करून पाहा. जाताना ७,२०० भागिले ८०० म्हणजे ९ तास. येताना ७,२०० भागिले १,००० म्हणजे ७.२ तास. एकूण १६.२ तास. बारा मिनिटे जास्तच लागली! कारण समोरचा वारा आपल्याला जास्त वेळ छळतो आणि मागचा वारा कमी वेळ मदत करतो. वाऱ्याचे हे कर्ज कधीच पुरते फिटत नाही.

काही मित्र आणखी एक शंका काढतात. “पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमानाने आकाशात नुसते थांबून राहावे. लंडन आपोआप खाली येईल!” देवळ्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५६५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते हे खरे. पण हवाही तिच्याबरोबरच फिरते, आणि धावपट्टीवरून उडण्यापूर्वी विमानालाही तोच वेग मिळालेला असतो. धावत्या एस. टी.त बसून चिकू वर उडवा. तो मागच्या बाकावर जाऊन पडतो का? तुमच्याच हातात परत येतो. तसेच हे.

लांबची वाट, लवकर पोहोच

आता या सगळ्याचा मेळ घालणारे एक खरे उदाहरण पाहा. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को बृहद्वृत्ताचे अंतर आहे सुमारे १२,३८० किलोमीटर. एअर इंडियाची विमाने आधी पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिक महासागर ओलांडून तिथे जात. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान प्रथमच पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास. अटलांटिकच्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास कमी!

भागाकार करून पाहा. लांबच्या वाटेवर जमिनीच्या मानाने सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर पडला, कारण जेट प्रवाह पाठीशी होता. जवळच्या वाटेवर तो ८४० च्या आसपास, कारण तोच वारा समोरून येत होता. अशा मोठ्या विमानाला तासाला सात टनांच्या आसपास इंधन लागते. दोन तास वाचले म्हणजे चौदा टन इंधन वाचले. एक टन इंधन जळले की तीन टनांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका खेपेत चाळीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड कमी सोडला गेला.

पण मग १२,३८० किलोमीटरची सर्वात जवळची वाट का धरत नाहीत? देवळ्याहून चांदवडला जाताना काय होते ते आठवा. मध्ये सातमाळा डोंगराची रांग आडवी येते. रस्ता सरळ जात नाही, जिथे खिंड सापडते तिथून जातो. दिल्लीहून उत्तरेकडे निघालेल्या विमानापुढे हिमालय आणि तिबेटचे पठार येते. विमान तर त्याच्याही वरून उडते, मग अडचण कसली? अडचण संकटकाळची आहे. विमानात हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. काही बिघाड होऊन तो दाब गेला, तर वैमानिकाला विमान झटपट सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली आणावे लागते, कारण प्रवाशांना मुखवट्यातून मिळणारा प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या आसपास आहे. खाली उतरणार कुठे? म्हणून या भागावरून विमाने सहसा नेत नाहीत.

ध्रुवाजवळच्या वाटेच्या अडचणी निराळ्या. तिथे चुंबकीय होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. बाहेरचे तापमान इतके उतरते, की टाकीतले इंधन गोठणार नाही यावर डोळा ठेवावा लागतो. आणि अडचण आलीच तर उतरायला विमानतळ फार थोडे. तरीही पूर्ण तयारीनिशी ही वाट धरता येते. ९ जानेवारी २०२१ रोजी कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिक स्त्रियांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून आणले आणि ११ जानेवारीला बंगळूरला उतरवले. या दोन शहरांमधील बृहद्वृत्ताचे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे.

काही डोंगर मात्र नकाशावर दिसत नाहीत. प्रत्येक देशाचे आपल्या जमिनीवरील आकाशावर नियंत्रण असते. मुंबई-लंडनची सर्वात जवळची वाट बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, काळा समुद्र आणि युक्रेन यांवरून जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा भारतीय कंपन्यांच्या युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. पृथ्वी तीच, बृहद्वृत्त तेच, पण तिकीट काढणाऱ्याचा वेळ आणि पैसा वाढला.

घड्याळाची गंमत

प्रवासाच्या वेळेविषयी आणखी एक गोंधळ होतो. समजा, तुमची मावशी १६ ऑक्टोबरला पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघाली. साडेचौदा तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरून तिने फोन केला आणि सांगितले, “इथे आत्ता १६ तारखेचे पहाटेचे ६ वाजले आहेत.” म्हणजे एवढा मोठा प्रवास दोन तासांत झाला की काय?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटे. म्हणून जगाचे वेळेनुसार पट्टे पाडले आहेत. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास असते. तिथे ६ वाजले तेव्हा इथे त्याच दिवशीचे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. पहाटे चार ते सायंकाळी साडेसहा, म्हणजे बरोबर साडेचौदा तास. तेव्हा नियम लक्षात ठेवा: निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ आधी एकाच घड्याळात बसवा, मगच वजाबाकी करा.

घड्याळाचा हा भेद देवळ्यातही आहे बरे का! भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरवली आहे. देवळ्याचा रेखांश सुमारे ७४.२ अंश. फरक ८.३ अंश, गुणिले ४, म्हणजे ३३ मिनिटे. म्हणून देवळ्यात सूर्य डोक्याच्या रेषेत येतो तो बाराला नव्हे, तर वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३३ मिनिटांनी.

हे सारे आपल्या वावरापर्यंत

तुम्ही म्हणाल, विमानात आपण कधी बसणार, आणि हे शिकून काय उपयोग? पण देवळा, सटाणा, दिंडोरी, निफाड इथली द्राक्षे, डाळिंबे आणि कांदा परदेशी जातो. युरोपला जाणारी द्राक्षे शीतपेट्यांत भरून जहाजाने जातात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. सुएझ कालव्याची जवळची वाट सोडून पुष्कळ जहाजे आफ्रिकेला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस जास्त लागले. द्राक्षाच्या घडाला पंधरा दिवस म्हणजे काय, हे तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना विचारा. २०२४ च्या हंगामात शेतकऱ्याच्या हातात किती पैसे पडतील, हे हजारो किलोमीटर दूरच्या एका सामुद्रधुनीवर अवलंबून होते.

तेव्हा मित्रांनो, दोन गावांमधले अंतर विचारले तर एकच आकडा सांगून थांबू नका. दोऱ्याने मोजलेले अंतर एक, प्रत्यक्ष वाटेचे अंतर दुसरे, आणि लागणारा वेळ ही तिसरीच गोष्ट. पहिली भूमितीने ठरते, दुसरी डोंगर आणि देश यांनी, तिसरी वाऱ्याने. रात्री अंगणात झोपलात आणि आकाशातून लुकलुकत जाणारे विमान दिसले, तर ते कुठे निघाले असेल याचा अंदाज बांधून पाहा. एवढे लक्षात असू द्या, की उत्तरेकडे जाणारे विमान अमेरिकेलाही निघालेले असू शकते!

करून पाहा

१. एका विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर आहे. ४,८०० किलोमीटर दूरच्या गावी जाताना ताशी १६० किलोमीटरचा वारा समोरून आणि येताना तेवढाच मागून आहे. जाण्यायेण्याला एकूण किती वेळ लागेल? वारा नसता तर किती लागला असता?

२. पृथ्वीच्या गोलावर दोऱ्याने मुंबई ते टोकियो हे अंतर मोजा.

३. मुंबईचा रेखांश ७३ अंश आणि गडचिरोलीचा ८० अंश पूर्व आहे. दोन्ही ठिकाणी सूर्य डोक्याच्या रेषेत येण्याच्या वेळेत किती मिनिटांचा फरक असेल? आधी कुठे येईल?

उत्तरे: १. साडेबारा तास, वारा नसता तर बारा तास. २. सुमारे ६,७०० किलोमीटर. ३. २८ मिनिटे, आधी गडचिरोलीला.